९६ विद्यार्थ्यांची ऑस्की एका दिवसात: प्रत्येक स्टेशनवर दोन परीक्षक हवेत का?

प्रश्न:
वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाच्या ९६ विद्यार्थ्यांच्या ऑस्कीचे (विद्यार्थी एकेका स्टेशनवर जाऊन ठरलेल्या वेळेत एकेक कौशल्य करून दाखवतो, त्या प्रात्यक्षिक परीक्षेचे) नियोजन माझ्याकडे आले आहे. १२ स्टेशने, प्रत्येकी ८ मिनिटे आणि पुढच्या स्टेशनवर जाण्यासाठी १ मिनिट असे ठरले असून परीक्षक २४ मिळतील. गुणदान निष्पक्ष व्हावे म्हणून प्रत्येक स्टेशनवर दोघे बसवावेत असे मला वाटते, परंतु वेळ पुरत नाही.

उत्तर १:
आपली एक फेरी १०८ मिनिटांची आणि १२ विद्यार्थ्यांची होते, म्हणजे आठ फेऱ्यांना चौदा तासांहून अधिक लागतील. तेच २४ परीक्षक एकेकटे बसवून १२ स्टेशनांच्या दोन मांडण्या समांतर चालवल्या, तर विश्रांती सोडून ७ तास १२ मिनिटांत परीक्षा होते. शिवाय विश्वासार्हता दुसऱ्या परीक्षकापेक्षा स्टेशनांच्या संख्येने अधिक वाढते, कारण छाती उत्तम तपासणारा विद्यार्थी वाईट बातमी सांगताना अडखळू शकतो आणि ते एकाच स्टेशनवरून कळत नाही. १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, तीही वाट्याला आलेल्या एकाच रुग्णावर आणि परीक्षकावर निकाल अवलंबून राहू नये यासाठीच.

उत्तर २:
वरील मताशी मी सहमत आहे, पण एक अट अवश्य पाळा: दोन्ही मांडण्यांतील एकाच स्टेशनच्या परीक्षकांना आधी एकत्र बसवून तीच चित्रफीत दाखवा, स्वतंत्र गुण द्यायला सांगा आणि जिथे फरक पडेल तिथे चर्चा करा. हे टाळले तर विद्यार्थ्याचा निकाल तो कोणत्या मांडणीत गेला यावर ठरेल, आणि तो अन्याय मला फार गंभीर वाटतो. चेकलिस्टसोबत परीक्षकाचा एकूण अभिप्रायही श्रेणीच्या रूपात नोंदवा. चेकलिस्टचे गुण आणि हा अभिप्राय यांची प्रतिगमन रेषा (दोहोंतील संबंध दाखवणारी सरळ रेषा) काढली, की ‘काठावरचा’ (धड उत्तीर्ण नाही, धड अनुत्तीर्ण नाही) या श्रेणीशी जुळणारे गुण हीच त्या स्टेशनची उत्तीर्णतेची मर्यादा ठरते.

उत्तर ३:
रुग्णाची भूमिका करणाऱ्यांचाही विचार करावा. पोटदुखीचा तोच इतिहास एकाच व्यक्तीने ४८ वेळा सांगितला तर शेवटच्या फेरीत त्यातील तपशील गळू लागतात. प्रत्येक मांडणीत प्रत्येक भूमिकेसाठी दोन माणसे तयार करा, दोघांची तालीम एकत्र घ्या आणि दोन फेऱ्यांनंतर त्यांची अदलाबदल करा.