शब्दचर्चा : ‘उत्परिवर्तन झाले आहे’, पण कधी झालं?

बोरूवाली :
नमस्कार मंडळी, एक चार पानी पत्रक मराठीत करायला घेतलंय, सिकलसेल ह्या रक्ताच्या आजारावरचं. वाचणार कोण तर पूर्व विदर्भात नाहीतर नंदुरबारकडे दवाखान्याच्या रांगेत बसलेली माणसं, म्हणजे पोटुशी सून, तिची सासू, कडेवर पोर घेतलेला बाप असे. पहिल्या खर्ड्यात मी शाळेच्या पुस्तकातले शब्द सरळ उचलले, गुणसूत्र (क्रोमोसोम), जनुक (जीन), उत्परिवर्तन (म्युटेशन), अप्रभावी, वाहक वगैरे, आणि एक वाक्य असं तयार झालं : ‘सिकलसेल हा अनुवांशिक आजार असून तुमच्या जनुकात उत्परिवर्तन झाले आहे.’ सहज आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पोळी लाटता लाटता विचारलं, “कधी झालं?” मला उत्तरच देता येईना. शब्द बदलू की वाक्य?

कानामात्रा :
आधी शब्दच बदला, कारण तो चुकलाय. ‘अनुवांशिक’ नाही, ‘आनुवंशिक’. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, समाजचं सामाजिक, उद्योगचं औद्योगिक, तसं अनुवंशचं आनुवंशिक. हल्ली पेपरात, दवाखान्याच्या पाट्यांवर, सगळीकडे तो काना पहिल्या अक्षरावरून उडी मारून ‘व’ वर जाऊन बसलेला दिसतो.

बोंडसरकी :
मग ‘पंचवार्षिक’ कसं चालतं हो? तिथं पण काना मधेच आहे की.

कानामात्रा :
चांगला प्रश्न. पुढं संख्या असली आणि मागं वर्ष असलं की वृद्धी मागच्या पदाला होते, तो वेगळा नियम. काही ठराविक शब्दांत दोन्हीकडे होते, उदा. पारलौकिक. अनुवंश यातल्या कशातच बसत नाही. खरं म्हणजे लोक ‘पंचवार्षिक’च्या चालीवर ‘अनुवांशिक’ म्हणत असावेत, हा आपला माझा अंदाज.

फळाखडू :
काना उडी मारतो हे लईच भारी 😄 मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी नेमकं हेच दाखवलं होतं, की जनुकीय तुकडे एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात, त्याबद्दल त्यांना १९८३ साली नोबेल मिळालं. म्हणजे ‘अनुवांशिक’ हा शब्द चुकीचा असला तरी विषयाला धरून आहे.
असो, मी विज्ञान शिकवतो म्हणून थोडं सांगतो. ‘गुणसूत्र’ हा शब्द मला मूळ शब्दापेक्षा सरस वाटतो. क्रोमोसोम ह्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘रंगीत अंग’, कारण रंग टाकला की पेशीतले हे धागे सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसायचे, वाल्डायर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्यांचं काम काय ते नीट ठरलेलंही नव्हतं. गुजरातीत अजून ‘रंगसूत्र’च म्हणतात. आपण ‘गुण’ म्हटलं आणि काम नावातच आलं. फक्त एक भानगड, वर्गात दरवर्षी एक तरी कार्टं विचारतं, “सर, गुणसूत्र म्हणजे मार्क काढायचा फॉर्म्युला का?”

बोंडसरकी :
आमच्याकडे ‘जीन’ शब्दाचा तर वेगळाच घोळ. अकोल्याकडे जीन म्हणजे जिनिंग, जिथं कापसातून सरकी वेगळी करतात ते. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बियाणेवाला सांगायचा की ह्या बियाण्यात मातीतल्या जिवाणूचा जीन घातलाय, त्यामुळं बोंडअळी मरते. आमचे आबा म्हणाले, “जीनमधी कापूस जाते हे ठाव हाय, कापसात जीन कसा जाईन?” म्हणून मी म्हणतो ‘जनुक’ बरा. कुणाला माहीत नाही हा त्याचा गुणच, निदान दुसरं काही डोळ्यांपुढं येत नाही.

बोरूवाली :
हे पटलं. अनोळखी शब्द एकदा समजावून सांगता येतो, पण ओळखीचा शब्द आपला जुना संसार पाठीवर घेऊनच येतो.

पायपीट :
ताई, मी दहा वर्षं ह्याच कामात गावोगाव फिरतेय, त्यामुळे जुन्या संसाराचं सांगते. तुमच्या यादीतला सगळ्यात वाईट शब्द ‘वाहक’. आमच्याकडे आधी बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी, मग कळतं एएस की एसएस. एएस म्हणजे बिघडलेली प्रत एकाच बाजूनं आलेली, दुसरी चांगली, माणूस बहुतेक ठणठणीत. एसएस म्हणजे दोन्ही बाजूंनी बिघडलेली, तो आजारी. एएसवाल्याला आम्ही सांगायचं ‘तुम्ही वाहक आहात’. आता वाहक हा शब्द माणसानं बघितला कुठे असतो, एसटीत, दरवाज्यावर, ‘चालक’ आणि ‘वाहक’. एक काका सरळ म्हणाले, “मंग मी काय यष्टीतला कंडक्टर हाय का?” ते हसले ते ठीक, पण शेजारची बाई समजली की आपण रोग घेऊन फिरतोय आणि लोकांना वाटतोय, डासासारखा. तिनं घरी जाऊन स्वतःचं ताट वेगळं केलं. चार दिवस. मी परत जाऊन तिच्याच ताटात जेवले तेव्हा कुठं सुटलं ते.

बोरूवाली :
बाप रे. मग तुम्ही काय म्हणता?

पायपीट :
गावात ‘एएसवाला’, ‘एसएसवाला’ असंच म्हणतात, आम्हीही तेच. नाहीतर ‘अर्धा’ आणि ‘पूर्ण’. ‘अर्धा’वर डॉक्टर रागवतात, म्हणतात अर्धा आजार असं काही नसतं, आणि त्यांचंही बरोबर आहे.

फळाखडू :
‘अप्रभावी’ची पण तीच गत. पुस्तकात प्रभावी आणि अप्रभावी गुण असे शब्द आहेत, पण घरी अप्रभावी म्हणजे लागू न पडलेली गोळी. मुलं लिहितात ‘हा आजार अप्रभावी असल्यामुळे त्रास होत नाही’. मार्क कापताना माझाच हात अडतो, कारण मराठी म्हणून वाक्य बरोबर आहे! दोन्ही प्रती तशाच आल्या तरच आजार होतो, असं लिहा आणि तो शब्द गाळा.

सातबारा :
नमस्कार. विषय माझा नाही, तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. पण उत्परिवर्तन म्हणजे म्युटेशन हे दिसलं म्हणून थांबलो. आमच्या खात्यात म्युटेशन म्हणजे फेरफार. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, आणि ६ क म्हणजे वारस नोंदवही. म्हणजे तुमचे दोन्ही शब्द, म्युटेशन आणि हेरेडिटी, आमच्याकडे शेजारी शेजारी दप्तरात बांधलेले. खेड्यात ‘फेरफार’ आणि ‘वारस’ न कळणारा माणूस नाही. ‘उत्परिवर्तन’ कशाला?

बोरूवाली :
काका, कमाल! ‘जनुकातला फेरफार’. घेऊन टाकू का?

सातबारा :
थांबा, लिहून झाल्यावर माझं मलाच पटेना. फेरफार आपोआप होत नाही. कुणीतरी जमीन विकतो, कुणी मरतो, अर्ज येतो, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे फेरफार हा जाणूनबुजून केलेला. त्यात बोलीभाषेत ‘कागदात फेरफार केला’ म्हणजे लबाडी केली. तुमच्या त्या पेशीत कोणी मुद्दाम करतं का?

फळाखडू :
नाही. पेशी दोन होताना सगळा मजकूर उतरवून काढायचा असतो, त्यात एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका तिथल्या तिथं दुरुस्तही होतात, एखादी राहून जाते. सिकलसेलमध्ये ११ नंबरच्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती लिहिलेली आहे, त्यात फक्त एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ पडलाय. त्यामुळे १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहावं आम्ल बदलतं, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन येतं. एवढ्यावरून तांबडी पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. ते असह्य दुखणं त्या अडकण्याचं.

सातबारा :
मग हा फेरफार नव्हेच. हे जमीन महसूल कायद्यातल्या कलम १५५ चं प्रकरण आहे. जुन्या सातबाऱ्यावरून नवा उतरवताना कारकुनाच्या हातून आकडा चुकला की आम्ही त्याला लेखनप्रमाद म्हणतो आणि १५५ खाली दुरुस्त करतो. आता गंमत बघा. एका प्रकरणात आजोबाच्या वेळी दोन गुंठे उतरवताना राहिले होते. पुढच्या प्रत्येक तलाठ्यानं अगदी इमानदारीत, अक्षर न् अक्षर, तीच चूक पुढं नेली. नातू माझ्यापुढं उभा राहून विचारतो, “भाऊसाहेब, माझी जमीन कधी कमी झाली?” मी त्याला म्हटलं, तुझी झालीच नाही रे बाबा, तुला ती कमीच मिळाली.

बोरूवाली :
काका, मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंत!! म्हणजे घोळ ‘उत्परिवर्तन’ शब्दात होता त्याहून जास्त ‘झाले आहे’ ह्या दोन शब्दांत होता.

फळाखडू :
अगदी. ते अक्षर चुकलं हजारो वर्षांपूर्वी. आजच्या बाळाच्या शरीरात काही ‘होत’ नाही, त्याला आईबापाकडून ती प्रत जशीच्या तशी येते, बिनचूक उतरवलेली चूक. ‘उत्परिवर्तन झाले आहे’ म्हटलं की बाई विचारणारच, कधी, कशानं, गरोदरपणात मी काय खाल्लं?

पायपीट :
ग्रहणात भाजी चिरली होती का, हे सुद्धा सासू विचारते. खोटं नाही सांगत.

कानामात्रा :
आता माझ्या आवडीचा मुद्दा. हस्तलिखितांच्या जगात ह्यासाठी तयार शब्द आहे, पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत इतके पाठ झाले की एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली बसून पाठशुद्धी केली. जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना ‘पाठभेद’ म्हटलं तर त्यात चांगलं-वाईट असा शेरा येत नाही. बोरूवालीबाई, तुमच्या खर्ड्यात कुठंतरी ‘सदोष जनुक’ असणार, पैजेवर सांगतो.

बोरूवाली :
तीन ठिकाणी आहे 🙈

फळाखडू :
काढाच. कारण हाच पाठ एकच प्रत असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी वाचवतो, म्हणून तर मलेरियाच्या पट्ट्यात तो इतका टिकून राहिला. एका प्रतीत ढाल, दोन प्रतींत दुखणं. त्याला दोष म्हणायचं की काय म्हणायचं. पण ‘पाठभेद’ पत्रकात नको, मास्तर असून सांगतो, तो शब्द आपल्यासारख्यांच्याच गप्पांत शोभतो.

कानामात्रा :
मान्य. दुःखाने मान्य.

बोरूवाली :
आता शेवटचं अडलंय ते ‘जनुक अभिव्यक्ती’, म्हणजे कुठलं जनुक कधी कामाला लागतं ते. मला हे वाचलं की कुणीतरी माईक घेऊन अभिव्यक्तीस्वातंत्र्यावर बोलायला उभं राहिलंय असंच वाटतं. पण मुद्दा गाळता येत नाही. बाळ पहिले काही महिने छान असतं आणि नंतर त्रास सुरू होतो, ते का, हे सांगायचंय.

फळाखडू :
पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याचं जनुक वेगळं, त्यात ही चूक नाहीच. जन्मानंतर हळूहळू ते जनुक मंदावतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. चूक आहे ती ह्या दुसऱ्यात. म्हणजे मजकूर जन्मापासून तोच, वाचला जातो तो उतारा बदलला. आमच्या सोसायटीतली तिरंगी मांजर बघा, एका अंगाला काळा ठिपका, दुसऱ्याला तांबूस, आणि दोन्ही ठिकाणच्या पेशींत जनुकं अगदी तीच, फक्त इथं एक एक्स गुणसूत्र बंद, तिथं दुसरं. म्हणून तर अशा मांजरी जवळजवळ सगळ्या माद्याच असतात.

पायपीट :
आम्ही सरळ ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज का घ्यायची तर ती बाळपणीचं हिमोग्लोबिन परत थोडं चालू करते. “बंद पडलेला बोअर चालू केल्यासारखं,” असं एका बापानं स्वतःच्या बायकोला समजावलं, माझ्यासमोर. मी तेव्हापासून तेच वापरते.

फळाखडू :
आणि २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत जो क्रिस्परचा, म्हणजे जनुकांत काटछाट करायच्या तंत्राचा, उपचार मंजूर झाला तोही चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही बरं का, बाळपणीच्या जनुकावरचा ब्रेक काढतो. बोअरच चालू करतो म्हणायचा.

बोरूवाली :
बरं, आता नवा खर्डा टाकते, झोडपा :
‘सिकलसेल आईवडिलांकडून येतो. तो कुणाच्या खाण्यापिण्यामुळे होत नाही, उष्ट्यातून, हात लावल्याने लागत नाही. रक्त कसं घडवायचं याची एक प्रत आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. या प्रतीला जनुक म्हणतात. काही घराण्यांत फार जुन्या काळी या प्रतीत एक अक्षर चुकलं आणि ते तसंच पुढे येत राहिलं. एक प्रत तशी असेल तर तुम्ही एएस, तुम्हाला सहसा त्रास नसतो. दोन्ही तशा असतील तर एसएस, उपचार लागतात. नवराबायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल एसएस असेल.’

पायपीट :
‘चारात एक’ला जपा ताई. लोक समजतात पहिली तीन चांगली आणि चौथं आजारी. एका घरी दोन लेकरं झाल्यावर थांबले होते, “आपली पाळी चौथ्याची हाय” म्हणून निर्धास्त, आणि दुसरंच एसएस निघालं.

बोरूवाली :
मग ‘दर खेपेला नव्याने चिठ्ठी उचलल्यासारखं’ असं घालू? चार चिठ्ठ्या, एक वाईट, उचलून झाली की परत डब्यात.

सातबारा :
घाला. आरक्षणाच्या सोडतीमुळं चिठ्ठी सगळ्यांना कळते.

कानामात्रा :
‘आनुवंशिक’ शब्दच गेला की हो सगळा पत्रकातून! मी सकाळपासून कशासाठी भांडलो?

पायपीट :
आज ओपीडीच्या रांगेत वाचून दाखवलं, चिठ्ठ्या घालून. पाचसहा बायका होत्या. वाहक कोण, कशानं झालं, असं कुणी विचारलं नाही. एक एएसवाली थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हंजे हे माह्या मायकडून नाहीतर बापाकडून आलं. मंग माही धाकटी बहीण हाय, तिचं लगन ठरून राह्यलं, तिले घेऊन येऊ का उद्या?”