प्रतिसाद: वेळासचं उदाहरण समोर आहेच की

आफ्रिकेतल्या नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांच्या कॉन्झर्व्हन्सींना (म्हणजे वन्यजीव राखणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थांना) वन्यजीवांपासून होणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला, हे तुम्ही तुमच्या लेखात छान मांडलंत. पण गावाने वन्यजीव राखून त्यातून कमावण्याबद्दल 'कोकणात लोक असं काही करणार नाहीत' हे तुमचं म्हणणं पटलं नाही.

मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी पूर्वी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. गावातलेच कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत (अंडी सुरक्षित उबावीत म्हणून केलेल्या जागेत) हलवतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. ती बघायला येणारे पाहुणे गावातच घरगुती मुक्कामाला राहतात, म्हणजे राहण्या-जेवणाचे पैसे थेट त्या घरातल्या बाईच्या हातात पडतात. मला यात सर्वांत मोलाचं हेच वाटतं. मोठं रिसॉर्ट उभं राहिलं असतं तर गावाच्या वाट्याला झाडलोटीची नोकरी आली असती. वेंगुर्ल्यात तर बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत खारफुटी दाखवतात.

फरक आहे तो हक्काचा. वेळासला उत्पन्न येतं, पण किनाऱ्यावर गावाचा कायदेशीर ताबा नाही. खाजगी किंवा सामूहिक जमिनीवर 'समुदाय राखीव क्षेत्र', म्हणजे लोकांनी स्वतःहून वन्यजीवांसाठी राखलेलं क्षेत्र, करायची तरतूद वन्यजीव कायद्यात आहे, आणि कोकणात खाजगी रान भरपूर आहे. ते विकायला निघण्याआधी ग्रामसभांनी या तरतुदीवर बोलायला हवं. आणि ज्याच्या घरात पाहुण्यांसाठी जादा खोली नाही, त्याचा वाटा कसा ठरवायचा, यावरही.