बायोचार खरेदीसाठी न्याय्य निकष कसे ठरवायचे? तुसाचा प्रत्येक लॉट नापास होतोय

प्रश्न (चंद्रपूर, शेतकरी उत्पादक कंपनी)
वरोऱ्याकडचे सभासद पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून जमिनीत टाकण्यासाठी केलेला कोळसा, उघड्या शंकूभट्टीत (शंकूच्या आकाराच्या भट्टीत) करतात. मूल-सिंदेवाहीकडचे भाताच्या तुसाचा करतात, मधोमध भोकांची चिमणी उभी करून भोवती ढीग लावतात. खरेदीदाराची अट सरसकट एकच आहे, कार्बन ५० टक्क्यांच्या वर हवा. पऱ्हाटी पास होते, तूस कायम नापास. शिवाय पैसे पोत्याच्या वजनावर मिळतात, त्यावरून रोज वाद. नियम कसे लिहावेत?

उत्तर १
आधी हिशोब बघा. १०० किलो तुसात साधारण १८ किलो राख असते, बहुतेक सगळी सिलिका. त्यातून ४० किलो बायोचार निघाला तर ती १८ किलो त्यातच राहते, म्हणजे ४५ टक्के राख. उरलेल्या ५५ टक्क्यांत थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजनही असतो. कितीही चांगला जाळला तरी कार्बन ५० च्या आसपासच अडकणार. जे शेतकऱ्याच्या हातात नाही त्याची शिक्षा त्याला देऊ नये.

इंटरनॅशनल बायोचार इनिशिएटिव्हच्या मानकात यासाठी तीन वर्ग आहेत: सेंद्रिय कार्बन ६० टक्के व वर, ३० ते ६०, आणि १० ते ३०. तूस दुसऱ्या वर्गात बसतं. वर्गानुसार भाव वेगळा ठेवा, पण नापास करू नका. नीट कोळसा झाला की नाही, याची कसोटी मात्र सगळ्यांना सारखी: हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांचं अणुगुणोत्तर (अणूंच्या संख्येचं गुणोत्तर) ०.७ च्या आत. ते वर गेलं तर माल कच्चा आहे, मग तो पऱ्हाटीचा असो की तुसाचा.

प्रश्नकर्ता
राखेला सूट दिली तर कुणी माती मिसळली हे कळणार कसं?

उत्तर २
प्रत्येक कच्च्या मालाची राख आधी स्वतःच ठरवा. तुमच्या देखरेखीखाली केलेल्या पाच-सहा बॅचेस घ्या, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मग मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) ५५० अंशांवर जाळा. त्या राखेची सरासरी ही तुमची तुलनेची पातळी. पऱ्हाटीचा लॉट तिच्यापेक्षा बराच वर गेला तर बहुधा दोन कारणं असतात. एक म्हणजे माती आली, जमिनीवर ओढल्यामुळे किंवा कुणी मिसळल्यामुळे. दुसरं, शंकूभट्टीत पऱ्हाटीचा पुढचा थर उशिरा टाकला. निखाऱ्यावर पांढरी राख धरू लागली की लगेच थर टाकायचा असतो. उशीर झाला की कोळसाच जळतो, आणि घाई केली की धूर होतो. तुसाच्या ढिगातही वेळेवर पाणी मारलं नाही तर आतून राखच हाती येते.

मातीची खात्री बादलीत करा. मूठभर बायोचार भरपूर पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवा. वाळू तळाशी बसते, बोटाला खरखरीत लागते. तुसाची सिलिका मात्र तुसाच्याच आकाराचा सांगाडा धरून असते, म्हणून दोन्ही ओळखू येतात.

उत्तर ३
पोत्यावर पैसे देणं बंदच करा, वादाचं मूळ तिथे आहे. शंकूभट्टीचा माल पाण्याने विझवतात. ३० किलोच्या पोत्यात ४५ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल १६.५ किलोच, आणि त्यात १२ टक्के राख धरली तर राखविरहित फक्त १४.५ किलो. भाव कोरड्या वजनावर ठेवा. विझवण्यासाठी पाणी मारणारा प्रामाणिक माणूस आणि वजनासाठी मारणारा, दोघांचाही प्रश्न मिटतो.

नमुना एकाच पोत्यातून घेऊ नका. लॉटमधल्या १०-१५ ठिकाणांहून मुठी काढा, ताडपत्रीवर एकत्र ढीग करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, एक किलो उरेपर्यंत हेच. त्याचे दोन भाग सील करा, एक शेतकऱ्याच्या सहीसह कार्यालयात राहू द्या. फेरतपासणीचा हक्क नसलेला निकष न्याय्य नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

उत्तर ४
दोन गोष्टींत मात्र अजिबात सूट नको. पहिली, कच्च्या मालात प्लास्टिक मल्चिंग, ठिबकची नळी, रंगवलेलं लाकूड. दुसरी, डांबर. धूर पुन्हा थंड होऊन कोळशावर बसला की पीएएच (धुरातले घातक बहुवलयी हायड्रोकार्बन) अडकतात. युरोपियन बायोचार सर्टिफिकेटप्रमाणे तपासणी टोल्युइन या द्रावकाने ते काढून करावी. साध्या द्रावकाने आकडा खोटा कमी येतो, कारण हे पदार्थ बायोचारला घट्ट चिकटून राहतात. प्रत्येक लॉटला हा खर्च परवडणार नाही, म्हणून भट्टीचा प्रकार आणि कच्चा माल यांच्या प्रत्येक जोडीसाठी वर्षातून एकदा करा. रोजची चाचणी: ओला बायोचार तळहातावर चोळा आणि पाण्याने धुवा. काळं साबणाशिवाय जात नसेल तर डांबराचा संशय घ्या.

प्रश्नकर्ता
मेथीचे बी उगवण्याची चाचणी लावली तर?

उत्तर ४
लावा, पण एका नापासावर माल परत पाठवू नका. २० ग्रॅम बायोचार २०० मिली पाण्यात भिजवून गाळा, त्या पाण्यावर २५ बिया आणि साध्या पाण्यावर २५. उगवण कमी आली तर तोच नमुना तीनदा धुऊन पुन्हा करा. धुतल्यावर उगवलं तर दोष बहुधा क्षारांचा, मुख्यतः पोटॅशचा. शेणखतात मुरवला की चालतो. धुऊनही उगवलं नाही तर डांबराचा संशय घ्या, तो लॉट थांबवा. आणि कंपोस्टसाठी असलेली ६.५ ते ७.५ सामूची (पीएचची) अट इथे लावू नका. बायोचारचा सामू ९-१० असणं नैसर्गिक आहे. फक्त पोत्यावर आकडा छापा, म्हणजे आधीच जास्त सामूच्या काळ्या चुनखडी जमिनीचा शेतकरी आपला विचार करून घेईल.