चोडणला जायचं तर भरती-ओहोटी बघून

ताई, पुण्याच्या मुलांना मार्चमध्ये गोव्यातल्या चोडण बेटावर पक्षी बघायला किती वाजता न्यावं असं विचारलंत, तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. सकाळी रायबंदरहून फेरीबोट पकडा. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याजवळच आहे. ओहोटीला चिखलावर तुतवार पक्षी चोची खुपसत फिरतात. भरतीला ते पांगतात, पण होडी आतल्या खाडीत शिरते आणि पांढऱ्या गळपट्टीचा निळसर-हिरवा खंड्या दिसू शकतो. इथे तो खारफुटी सहसा सोडत नाही, म्हणून माझं मत भरतीच्या होडीला. एप्रिल उजाडला की थंडीचे बरेचसे पाहुणे उत्तरेला निघालेले असतात. आणि हो, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे, एकच भलीमोठी नांगी हलवणारे खेकडे... मुलं तिथेच रेंगाळणार, हे धरूनच चला!