हळू चालवणारे, लेन सोडणारे आणि मागे अडकलेले: तुमचे अनुभव लिहा

गर्दीच्या रस्त्यावर कशाने चिडचिड होते असं विचारलं, तर कुणी म्हणतं "पुढे रमतगमत चाललेला", कुणी म्हणतं "मागे चिकटून हॉर्न वाजवणारा". बरेचदा हे दोघे एकाच लेनमध्ये पुढे-मागे असतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत असतं. या विषयावर तावातावाने बोलणारे खूप, पण नेमकं काय घडलं ते क्वचितच कुणी सांगतं. म्हणून हा धागा काढला आहे. नियमांची यादी नको. काय दिसलं, समोरच्याने काय करायला हवं होतं, तुम्ही काय केलंत, ते लिहा. कुणाचं नाव किंवा गाडीचा नंबर लिहू नका. घोटाळा नको म्हणून वाहतूक डावीकडून चालते असं धरू, म्हणजे उजवी लेन ओव्हरटेकची.

सुरुवात मी करतो. माझ्या रोजच्या वाटेवर तीन लेनचा उड्डाणपूल आहे. उजव्या लेनमध्ये ताशी ३५ ने जाणारी एखादी गाडी हमखास भेटते. तिच्यापुढे रस्ता मोकळा आणि मागे रांग. डिपर दिला तरी ती हलत नाही. मग लोक डावीकडून काढायला लागतात. एकदा मी मधल्या लेनमधून हे सगळं पाहिलं. उजवीकडचा वैतागून मध्ये आला, मधल्याने त्याला जागा द्यायला गाडी डावीकडे घेतली, आणि डाव्या लेनमधले लोक पुढच्या उतारासाठी वेग कमी करत होते. तिथे कचकचून ब्रेक लागले. नशिबाने कुणाला लागलं नाही. ज्याच्यामुळे हे झालं तो मात्र तसाच पुढे निघून गेला. आरशात पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं.

त्याच्या ३५ च्या वेगाबद्दल माझी तक्रार नाही. त्या वेगाने जायचा त्याला हक्क आहे. पण त्या वेगाची जागा ती नव्हती.

* * *

मी हळू चालवणाऱ्यांपैकी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून मी डाव्या लेननेच जाते, चाळिशीच्या आत. तरी मागून हॉर्न वाजतातच. आता याहून डावीकडे मी कुठे जाऊ?

वर लिहिलंय ते मला पटतं. पण डाव्या लेनची अवस्था काय असते तेही बघा. कडेला लावलेल्या गाड्या अर्ध्या लेनमध्ये आलेल्या. त्यातल्या एखादीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. बसथांब्यापाशी लोक रस्त्यावर उतरून उभे. कुणी सामान उतरवायला "दोनच मिनिटं" म्हणून टेम्पो उभा केलेला. आणि त्यातून उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. दर शंभर पावलांवर मला इंडिकेटर देऊन उजवीकडे यावं लागतं आणि मागचे येऊ देत नाहीत. शेवटी माणूस कंटाळून मधल्या लेनमध्येच राहतो. हळू चालवणाऱ्यांनी डावीकडे राहावं हे अगदी मान्य, पण ती लेन मोकळीही ठेवा. कडेला दुहेरी पार्किंग करून दूध आणायला गेलेला माणूस पुढच्या चौकापर्यंतची वाहतूक बिघडवतो, त्याच्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही. गाडीत कुणी बसलेलंच नसतं ना.

* * *

वाहतूक नियोजनात काम करतो, म्हणून थोडं आकड्यांत लिहितो.

दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवलं, तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या जातात. वेग ४० असो की ६०, ३६०० सेकंदांना दोनने भागायचं. म्हणजे रस्त्याची क्षमता वेगावर कमी आणि एकसारखं चालण्यावर जास्त अवलंबून असते. सिग्नलवरही तेच. हिरवा लागल्यावर सुरुवातीची दोनेक सेकंदं हलण्यात जातात, मग दर दोन सेकंदांना एक गाडी निघते. ३० सेकंदांच्या हिरव्यात एका लेनमधून चौदाएक गाड्या सुटल्या पाहिजेत. पहिला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आणि चार सेकंद उशिरा निघाला, की मागच्या दोघांचा सिग्नल गेला.

जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी ३० च्या आसपास, पुढच्यापासून सुरक्षित अंतर राखून चालायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. तरी थोड्या वेळाने कोंडी तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी साधारण २० च्या वेगाने मागे सरकत राहिली. एकाने वेग किंचित कमी केला की मागचा थोडा जास्त कमी करतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त, आणि शेवटी कुणीतरी पूर्ण थांबतो.

म्हणून मला संथ, पण एकाच वेगाने जाणाऱ्यापेक्षा मागे चिकटून दर क्षणाला ब्रेक मारणारा जास्त महाग वाटतो. अंतर ठेवलं की पुढच्याने वेग कमी केला तरी नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून भागतं. "अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतो" हे मी रोज ऐकतो. घुसतो, खरं आहे. त्याने तुमची दोन सेकंदं गेली, आणखी काही नाही.

* * *

गाडी शिकवते. वरच्या ताईंचा हॉर्नचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या गाडीवर पुढे-मागे लाल एल असतो. तो पाहून लोक अंतर ठेवतील अशी अपेक्षा. होतं उलटंच. चढावर सिग्नलला थांबलो की मागची गाडी अगदी टेकून उभी राहते. शिकणाऱ्याने क्लच सोडताना गाडी जराशी मागे येणारच, सगळ्यांचीच सुरुवातीला येते. मग मागून हॉर्न, पाय थरथरतो, गाडी बंद पडते, आणखी हॉर्न. माझ्याकडे शिकणाऱ्या एक आजी होत्या, नात परगावी गेली म्हणून शिकायला आलेल्या. अशाच एका चढावर त्यांनी गाडी चालू ठेवली, हँडब्रेक लावला, काच खाली केली, हाताने मागच्याला थांबायची खूण केली आणि मग सावकाश निघाल्या. त्या दिवशी माझ्या बाकीच्या विद्यार्थ्यांना मी तेच शिकवलं.

इंडिकेटरबद्दलही सांगायचंय. बरेच जण वळायला सुरुवात करताना इंडिकेटर देतात. तोवर मागच्याला गाडी वळताना दिसलेलीच असते, मग त्या दिव्याचा उपयोग काय? आधी आरसा, मग इंडिकेटर, थोडं थांबून पुन्हा आरसा, मान वळवून बाजूला नजर, आणि मगच स्टिअरिंग. इंडिकेटर दिला म्हणजे जागा मिळाली असं नाही. तुम्ही विचारलंय, उत्तर अजून यायचंय.

* * *

शहर बस चालवतो. बारा मीटरची गाडी.

लोकांना वाटतं बसवाले मुद्दाम दोन लेन अडवून वळतात. बसची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. डावीकडे वळताना मी कडेला धरून वळलो तर मागचं चाक फुटपाथवर चढेल आणि कोपऱ्यावर उभ्या माणसाच्या पायावरून जाईल. म्हणून आधी उजवीकडे जागा घ्यावी लागते. त्या वेळी माझ्या डाव्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि नेमकी तिथे एखादी दुचाकी घुसते. मला ती दिसत नाही. डाव्या बाजूला दारापासून मागे बराच भाग असा आहे की आरशात काहीच येत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीखाली असंच एक पोरगं आलं. वाचलं, पण तो माणूस पुढे काही महिने गाडीवर बसला नाही.

थांब्यावरून निघतानाचं दुखणं रोजचं. उजवा इंडिकेटर चालू आहे, आत चाळीस-पन्नास माणसं आहेत, आणि शेजारून एकामागोमाग एक गाड्या जात राहतात, प्रत्येकात बहुतेक एकच माणूस. कुणीतरी एकाने थांबून हात केला की मी निघतो. मग मीही दिवा मारून आभार मानतो. कंडक्टर तर खिडकीतून हात जोडतो.

आम्ही थांब्याच्या आत न घेता मधेच गाडी उभी करतो ही तक्रार खरी आहे. कारण बहुतेक वेळा आत आधीच गाड्या उभ्या असतात.

* * *

दुचाकीवर असतो. एकच सांगतो: काळी काच, बंद खिडकी, आत मोठ्याने गाणी आणि हातात फोन असलेला चारचाकीवाला मला मागूनच ओळखू येतो. त्याची गाडी लेनच्या एका रेषेकडून दुसरीकडे हळूहळू सरकत असते, वेग कमी होतो आणि मग अचानक वाढतो. अशा गाडीच्या शेजारून मी जात नाही. मागे राहतो किंवा लवकर पुढे निघून जातो. आणि आमच्यापैकी जे दोन गाड्यांच्या फटीतून वेगात जातात, त्यांनी बसवाल्या काकांचं वरचं लिखाण दोनदा वाचावं.

* * *

वडिलांना रुग्णवाहिकेतून नेत होते तेव्हा मी पुढे, चालकाशेजारी बसले होते. तीन लेन भरलेल्या. सायरन ऐकून प्रत्येकाला वाट द्यायची इच्छा होती, हे मला समोर दिसत होतं. पण कुणी डावीकडे सरकत होतं, कुणी उजवीकडे, कुणी जागीच थांबलं होतं, आणि एकाने तर वाट द्यायला म्हणून वेगच वाढवला आणि आमच्या पुढेपुढे धावत राहिला. चालक शांत होता. म्हणाला, "माणसं वाईट नाहीत हो, त्यांना ठरवता येत नाही."

नंतर मी याबद्दल वाचलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात महामार्गावर वाहतूक तुंबायला लागली की सायरन ऐकू येण्याआधीच मध्ये वाट करून ठेवायची असते. तिकडे वाहतूक उजवीकडून चालते. सगळ्यात डावीकडच्या लेनने आणखी डावीकडे व्हायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. किती लेन आहेत याने फरक पडत नाही, वाट नेहमी त्याच फटीत होते. ऑस्ट्रियात २०१२ पासून हे बंधनकारक आहे. कुणी कुठे सरकायचं हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून गोंधळ होत नाही. आपापल्या शहरात असं काही ठरवता येईल का, याचा मी फार विचार करते. वडील बरे आहेत.

* * *

मी गाडी चालवत नाही, चालतो. तुमच्या लेनच्या चर्चेत एक गोष्ट सुटली.

झेब्रावर एक भला माणूस माझ्यासाठी थांबतो. मी निघतो. त्याच्या शेजारच्या लेनमधल्याला वाटतं, हा उगाच का थांबला, आणि तो वेगात पुढे काढतो. थांबलेल्या गाडीमुळे त्याला मी दिसत नाही, मला तो दिसत नाही. थेट समोर आल्यावरच कळतं. म्हणून मी थांबलेल्या गाडीच्या कडेपाशी आलो की पुन्हा थांबतो, डोकावतो, मग पुढे जातो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. झेब्राजवळ थांबलेल्या गाडीला कुणीही ओव्हरटेक करू नये, एवढं तरी सगळ्यांनी पाळा.

आणि हळू चालवणाऱ्यांना नावं ठेवताना हेही लक्षात घ्या: वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे कमाल ३० चा वेग सुचवला आहे, तो उगाच नाही. शाळेसमोरून हळू जाणाऱ्याच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्याला माझा ठाम विरोध आहे.

* * *

पावसात चारही इंडिकेटर चालू करून चालणाऱ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही? चारही दिवे लुकलुकत असले की तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळायचा मार्गच उरत नाही. गाडी उभी असेल किंवा बंद पडली असेल तर ते लावा. चालत्या गाडीला पावसात हेडलाइट आणि टेललाइट पुरतात.

* * *

रस्ता अरुंद होतो तिथला अनुभव. खोदकामामुळे दोन लेनची एक लेन झाली होती. अर्धा किलोमीटर आधीपासून सज्जन लोक डाव्या लेनमध्ये रांग लावून उभे, उजवी रिकामी, आणि तिच्यातून पुढे गेलेल्यांना डावीकडचे आत घेईनात. शिव्या, काचा खाली, एकाने तर दार उघडून पाय बाहेर काढला. एक पोलीस हवालदार आले. त्यांनी सगळ्यांना दोन्ही लेन वापरायला लावल्या आणि अगदी तोंडाशी उभं राहून एक इकडची, एक तिकडची, अशा गाड्या सोडल्या. रांगेची लांबी निम्म्यावर आली आणि भांडण संपलं, कारण कुणी पुढे घुसतंय असं वाटायला जागाच राहिली नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत हीच पद्धत लिहिलेली आहे. शेवटपर्यंत जायचं आणि तिथे आलटून पालटून मिसळायचं.

* * *

बसवाल्या काकांना एक विचारायचं होतं. तुमच्या मागे किंवा शेजारी असताना आम्ही तुम्हाला दिसतोय की नाही, हे आम्हाला कसं कळावं?

* * *

आरशात माझा चेहरा दिसतोय का ते बघा. तुम्हाला मी दिसत नसेन तर तुम्हीही मला दिसत नाही. मागे असाल तर इतकं अंतर ठेवा की माझे दोन्ही बाजूंचे आरसे तुम्हाला दिसतील. शेजारी असाल तर तिथे रेंगाळू नका, पुढे जा किंवा मागे या. आणि डावा इंडिकेटर चालू असेल तर डाव्या बाजूला येऊच नका, कितीही जागा दिसली तरी.