उभ्या गाडीत इंजिन मिसिंग करते आणि बंद पडते : दोष इंजेक्टरचा, पंपाचा की आणखी कशाचा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे सहा सिलिंडरांचे, कॉमन रेल पद्धतीचे (सर्व इंजेक्टरांना ‘रेल’ या एकाच नळीतून जास्त दाबाचे डिझेल देणारे) डिझेल इंजिन असलेला मालवाहू ट्रक आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून त्याचे आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ चालणे) बिघडले आहे. सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा बराच वेळ मारावा लागतो. इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ बरे चालते, पण मग आरपीएमचा काटा ६५० वर स्थिर राहण्याऐवजी ५०० ते ७५० यांच्यामध्ये हेलकावे खाऊ लागतो, केबिनचे आरसे थरथरतात आणि दहा-पंधरा मिनिटांत, बहुतेक वेळा गाडी उभी असतानाच, इंजिन गचके देत बंद पडते. त्यानंतर नुसता सेल्फ मारून ते उठत नाही. फिल्टरजवळचा हातपंप वीस-तीस वेळा दाबून कडक केला की मात्र लगेच सुरू होते. धावत्या गाडीत ओढ थोडी कमी वाटते, पण इंजिन बंद पडत नाही.

स्कॅनर लावला असता रेलमधील दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा एकच कोड आला. त्यावरून एका कारागिराने सहाही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने रेलमध्ये दाब तयार करणारा हाय प्रेशर पंप गेल्याचे सांगितले. दोन्ही डिझेल फिल्टर महिन्याभरापूर्वीच बदललेले आहेत, त्यामुळे तिकडे पुन्हा पाहिलेले नाही. बाहेर कोठेही डिझेलची गळती दिसत नाही. एवढा मोठा खर्च करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

पहिले उत्तर

आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाचे वाक्य हातपंपाचे आहे आणि दोन्ही कारागिरांनी नेमके तेच ऐकून घेतलेले दिसत नाही. झिजलेला इंजेक्टर किंवा झिजलेला हाय प्रेशर पंप हातपंप दाबल्याने सुधारत नाही, कारण हातपंपाचा प्रभाव केवळ कमी दाबाच्या बाजूवर, म्हणजे टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतच्या मार्गावर पडतो. तो कडक होईपर्यंत दाबावा लागतो याचा अर्थ त्या मार्गात डिझेलऐवजी हवा भरलेली आहे. ती कोठून शिरते, एवढाच प्रश्न आता उरतो.

कोडबद्दल म्हणाल, तर तो खोटा नाही, पण अपुरा आहे. रेलमध्ये आयडलिंगला साधारण २५० ते ४०० बार दाब असतो आणि पूर्ण भाराखाली तो १६०० बारच्या पुढे जातो. नेमके आकडे इंजिनानुसार बदलतात. हाय प्रेशर पंपाच्या प्लंजरखाली (दट्ट्याखाली) डिझेलऐवजी फेस आला, तर प्लंजरची हालचाल ती हवा दाबण्यातच खर्ची पडते आणि रेलपर्यंत पुरेसे डिझेल पोहोचत नाही. इंजिनाच्या संगणकाला त्यातले फक्त रेलमधील दाब घसरल्याचे कळते; पंपाला काय पाजले जात आहे हे तो पाहू शकत नाही.

गळती दिसत नाही म्हणून पाइप निर्दोष आहेत, असे कृपया समजू नका. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून हाय प्रेशर पंपाकडे पाठवणाऱ्या पंपापर्यंतचा) मार्ग ओढीचा असतो. तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना फटीतून डिझेल बाहेर येत नाही, उलट हवाच आत जाते. सांधा बाहेरून अगदी कोरडा दिसतो आणि त्यामुळेच दोष महिनोन्‌महिने सापडत नाही.

तपासणीचा मार्ग सोपा आहे. डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी, साधारण एक फूट लांबीची, फीड पंपाच्या तोंडाशी क्लिपने घट्ट बसवा आणि इंजिन आयडलिंगला ठेवून तिच्याकडे पाहत राहा. फिल्टर नुकताच उघडला असेल तर सुरुवातीला काही बुडबुडे येणारच, त्यांचे काही विशेष नाही. पण पाच मिनिटांनंतरही माळ तुटत नसेल तर हवा शिरते आहे हे नक्की. मग तीच नळी एकेक सांधा मागे, टाकीच्या दिशेने, सरकवत न्या. ज्या सांध्याच्या पुढे बुडबुडे आणि मागे स्वच्छ डिझेल, तिथेच दोष. टाकीपर्यंत बुडबुडे येत राहिले तर टाकीतील ओढ-नळीला चीर असू शकते. असा दोष बहुधा टाकी अर्ध्याखाली गेली की वाढतो. टाकीचे झाकण उघडताना फुस्स आवाज येऊन हवा आत खेचली जात असेल तर झाकणाचे हवाछिद्र बुजलेले आहे, हेही याच वेळी पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट. फिल्टर महिन्यापूर्वी बदलले आणि त्रास तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाला, हा मला योगायोग वाटत नाही. नवा भाग बसवला म्हणून तो सांधा संशयातून वगळण्याऐवजी मी तपासणीची सुरुवात तिथूनच करीन.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र इंजिन बंद पडणे आणि आयडलिंग खडबडीत असणे या दोन तक्रारींचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नये. हवेमुळे सगळेच सिलिंडर अडखळतात आणि काटा सावकाश वरखाली होतो. एकच सिलिंडर काम करीत नसेल, तर ठराविक तालात, दर दोन फेऱ्यांमागे एकदा, धक्का जाणवतो. इंजिन गरम असताना कान देऊन हा फरक ऐका. क्रँक सेन्सरचा (इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा) संशय मी येथे मागे ठेवतो, कारण त्यात इंजिन चावी फिरवल्यासारखे एकदम बंद पडते आणि पुन्हा सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बहुधा हलतच नाही. आपले इंजिन आधी गचके देते.

आता एक इशारा, जो मला कळकळीने द्यावासा वाटतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर मरतो आहे हे शोधण्याची रीत होती. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नये. त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार हातमोज्यासह कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत ऊती मरू लागतात आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायची असल्यास पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, बोट नव्हे. सिलिंडर तपासण्यासाठी स्कॅनरमध्येच एकेक इंजेक्टर बंद करून पाहण्याची सोय असते, ती वापरावी.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

दोघांचेही मनापासून आभार. नळी लावून पाहिली. फीड पंपाच्या तोंडाशी मोहरीएवढ्या बुडबुड्यांची अखंड माळ दिसली. नळी पाणी-विभाजक फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला नेली, तेव्हा डिझेल काचेसारखे स्वच्छ होते. फिल्टर उतरवला तर खालच्या पाण्याच्या कपाची जुनीच ओ-रिंग (सांधा हवाबंद ठेवणारे रबरी कडे) पुन्हा बसवलेली आढळली. ती एका ठिकाणी पिळवटून चिरली होती. बाहेरून तिथे ओल तर सोडाच, कोरडी धूळ होती. नवी ओ-रिंग डिझेलचा हात लावून बसवली, हवा काढली, आणि आज आठ दिवस झाले, इंजिन एकदाही बंद पडलेले नाही. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये उठते.

तथापि दुसऱ्या उत्तरातील शंकाही खरी ठरली. इंजिन गरम झाल्यावर तालात एक हलका धक्का अजून जाणवतो. स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद केला असता चौथ्याने काहीच फरक पडला नाही. आता चौथा इंजेक्टर बदलावा काय, आणि एकच बदलला तर चालेल काय?

पहिल्या उत्तरकर्त्याचे पुन्हा उत्तर

अद्याप बदलू नका. चौथा सिलिंडर काम करीत नाही एवढेच या चाचणीने सिद्ध झाले. इंजेक्टर दोषी आहे की कॉम्प्रेशन कमी आहे, हे तिने सांगितलेले नाही. आधी त्या सिलिंडरचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातील फट) पाहा, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर नवा इंजेक्टरही तसाच धक्का देईल. इंजेक्टरच्या वायरचा सॉकेट काढून पिना हिरव्या पडलेल्या नाहीत ना, तेही पाहा. त्यानंतर सहाही इंजेक्टरांच्या रिटर्नला (न वापरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळीला) एकसारख्या बाटल्या लावा आणि इंजिन काही मिनिटे चालवा. पाच बाटल्यांत जवळजवळ सारखे डिझेल आणि चौथीत दुप्पट किंवा त्याहून अधिक असेल, तर इंजेक्टर आतून गळत आहे हे निश्चित होईल. बाटल्या सारख्या भरल्या तरी इंजेक्टर निर्दोष ठरत नाही. नोझल चिकटलेले असू शकते, म्हणून अशा वेळी कॉम्प्रेशन मोजावे आणि ते ठीक निघाल्यास इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवावा.

बाकीचे पाच सारखे असतील तर एकच बदलण्यास माझी हरकत नाही. खालचा तांब्याचा वॉशर नवाच घ्या, जुना वॉशर तळाशी चिकटून राहिलेला नाही याची बॅटरीच्या उजेडात खात्री करा, क्लँप कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच आवळा, आणि इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने संगणकात भरण्यास विसरू नका. तो न भरल्यास नव्या इंजेक्टरवरही आयडलिंग खडबडीत राहते आणि दोष पुन्हा पंपावर ढकलला जातो.

मात्र हे सर्व करण्यापूर्वी मुख्य फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या कपड्यावर उलगडून पाहा. हवा मिसळलेल्या डिझेलवर पंप तीन आठवडे चालला आहे आणि त्या काळात त्याला वंगण कमी मिळालेले आहे. शिवाय पंपात वापरून उरलेले डिझेल रिटर्नने टाकीत जाऊन पुन्हा याच फिल्टरमधून येते, त्यामुळे पंपाची झीज इथे दिसू शकते. कागदावर चंदेरी चकाकी असेल तर पंपाची धातू सुटलेली आहे, आणि तसे असल्यास टाकी, पाइप व रेल धुतल्याशिवाय बसवलेला नवा इंजेक्टर थोड्याच दिवसांत जुन्यासारखा होईल. कागद नुसताच काळपट असेल तर बाटल्यांच्या चाचणीकडे वळावे आणि आकडे इथे कळवावेत.