चांगल्या डोळ्यावरच पट्टी का?

मोगरा_७:
नमस्कार. माझी लेक साडेपाच वर्षांची आहे. जूनमध्ये शाळेत डोळे तपासले, तेव्हा कळलं की तिला डाव्या डोळ्याने फार कमी दिसतं. उजव्याचा नंबर +१.२५, डाव्याचा +५.५०. आम्हाला कधी शंकाही आली नव्हती, कारण उजव्या डोळ्यावर तिचं सगळं नीट चाललं होतं. चष्मा लावून तीन महिने झाले, तरी डाव्या डोळ्याला तक्त्यावरच्या वरच्या तीनच ओळी वाचता येतात. डॉक्टर म्हणाले, ‘आळशी डोळा’ आहे, रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावा.
काल लावली. तिला गोष्टीच्या पुस्तकातली अक्षरं लागेनात. पुस्तक नाकाशी धरून रडायला लागली, “आई, माझा चांगला डोळा का बंद केलास?” सासूबाईही म्हणाल्या, धडधाकट डोळ्याला कशाला कोंडता? मला दोघींनाही उत्तर देता आलं नाही. भिंग स्वच्छ आहे, पडदा ठीक आहे, नंबरचा चष्मा आहे. मग अडतंय कुठे?

निळी_शाई:
ताई, मी डॉक्टर नाही, पदव्युत्तर वर्गाला मेंदूविज्ञान शिकवते. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण अडतंय कुठे, ते सांगू शकते. अडतंय मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या वाटा एकत्र मिळतात.
हार्वर्डच्या डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली आणि काही आठवड्यांनी टाके काढले. १९६३ साली ते निष्कर्ष छापून आले. डोळा निरोगी होता, पडदा उजेडाला प्रतिसाद देत होता. पण मेंदूच्या दृष्टीच्या भागात त्या डोळ्याचं ऐकणारी पेशी जवळजवळ उरलीच नव्हती. मोठ्या मांजराचा डोळा असाच बंद ठेवला तर काहीही बिघडत नव्हतं. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असताना मात्र तीन-चार दिवसही पुरतात, हे पुढे दिसलं. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.
घर बांधताना आपण आधी वायरिंग करतो आणि मग दिवा लावतो. मेंदूत तसं नाही. ढोबळ वाटा रासायनिक खुणांवरून आखल्या जातात, पण बारीक जोडण्या पक्क्या होतात त्या वापरातूनच. ज्या पेशी एकाच वेळी पेटतात, म्हणजे विजेचा संकेत सोडतात, त्यांची जोडणी टिकते, ज्यांचा मेळ बसत नाही त्यांची झडते. तुमच्या लेकीच्या डाव्या डोळ्याकडून जन्मापासून धूसर चित्र जात होतं. त्याच्या पेशी बारीक रेघांवर नीट पेटतच नव्हत्या. उजव्याच्या पेटत होत्या, म्हणून जागा उजव्याने घेतली. चष्म्याने आता चित्र स्वच्छ झालंय, पण ते वाचणाऱ्या जोडण्या अजून व्हायच्या आहेत.

सह्यकडा:
माझाही डावा डोळा असाच आहे. मला कळलं एकोणिसाव्या वर्षी, लायसनसाठी डोळे तपासले तेव्हा. शाळेत कधी कुणी एकेक डोळा झाकून पाहिलंच नाही. आज वय ४१, सुईत दोरा ओवायला अजून तीन-चारदा चुकतो. ताई, साडेपाचव्या वर्षी कळलं हे फार मोठं आहे.
निळी_शाई, एक विचारू? दोन्ही डोळे शिवले असते तर काय झालं असतं?

निळी_शाई:
तेही त्यांनी करून पाहिलं, १९६५ मध्ये. दोन्ही डोळ्यांच्या पेशी गप्प होतील असं वाटलं होतं. पण बऱ्याच पेशी प्रतिसाद देत राहिल्या. एकच डोळा बंद असताना झालं तितकं नुकसान झालं नाही. ताई, तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डोळा नुसता न वापरल्याने मागे पडत नाही, शेजारचा जोरात बोलत असतो म्हणून मागे पडतो. दोन तास शेजाऱ्याला गप्प बसवलं की डाव्याला बोलायला मिळतं.
हे पेटणं उजेडाची वाटही बघत नाही. विद्यार्थी असताना मी एका प्रयोगशाळेत पेशींचा आवाज ऐकला होता. इलेक्ट्रोडचा संकेत स्पीकरला जोडलेला होता, आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. अजून अंगावर काटा येतो. डोळे उघडण्याआधीच पडद्यावर अशी तडतड एखाद्या जागी सुरू होते आणि शेजारच्या पेशींना घेत लाटेसारखी पुढे सरकते. कार्ला शॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये फेरेट या लहान सस्तन प्राण्याच्या नवजात पिल्लांत आणि मांजरांच्या गर्भांत या लाटा मोजल्या. दोन्ही डोळ्यांत लाट सहसा एकाच क्षणी येत नाही, म्हणून मेंदूला कळतं की ही वाट या डोळ्याची, ती त्या डोळ्याची. येल विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये उंदरांत दाखवलं की या लाटांची दिशा प्राणी पुढे चालताना दृश्य जसं मागे सरकतं तशी असते. पिल्लाने अजून जग पाहिलेलं नाही, आणि पडदा चालण्याची तालीम करतोय!

मोगरा_७:
वाचून डोळे भरून आले. दोन तास खरंच पुरतात का? आणि सह्यकडांसारखं उशिरा कळलं तर दार बंदच?

निळी_शाई:
२००३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना, मध्यम प्रमाणात दोष असेल तर, दोन तास आणि सहा तास यांचा चार महिन्यांनी सारखाच फायदा झाला. पट्टीच्या वेळात जवळून बघायचं काम मात्र द्या.
दार एकदम बंद होत नाही, हळूहळू लोटलं जातं. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात दिल्लीला जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. २०११ च्या त्यांच्या लेखातली पाच मुलं आठ ते सतरा वर्षांची होती. हाताने चाचपलेला ठोकळा नजरेने कोणता, हे त्यांना पहिल्या दिवशी ओळखता येईना. काही दिवसांतच येऊ लागलं.

मोगरा_७:
आज तिला परातीत मूग आणि मसूर एकत्र करून दिले. पट्टी लावून वेगळे करत बसली. अर्ध्या तासात वाटीभर झाले, चार मसूर मुगात राहिले. ते सासूबाईंनी तिलाच शोधायला लावले.
एक अडचण आहे. चष्म्यावर बसवायची कापडी पट्टी घेतलीय, लेक तिच्या बाजूने डोकावते.

सह्यकडा:
माझा पुतण्याही डोकवायचा. त्वचेला चिकटणारी पट्टी घ्या, चष्मा तिच्यावरून लावा. काढताना आधी कोमट पाण्याचा बोळा फिरवा, भुवई ओढली जात नाही.